कादंबरीकार नाथमाधव

पाठपरिचय : मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकांमध्ये नाथमाधव यांचे नाव मोठे आहे. ऐन तारुण्यात त्यांना भयंकर अपघात झाला आणि त्यांचे पाय कायमचे गेले. त्यानंतरच ते लेखक झाले. त्यांच्या जीवनाची आणि लेखनाची ओळख या पाठात करून दिली आहे.

मोर्शीहून सिंभोऱ्याला गेले की वर्धा नदीवरचे मोठे धरण दिसते. त्याला अप्पर वर्धा धरण म्हणतात. या धरणाच्या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर असे आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. शाळेच्या सहलीला जाऊन त्याच्या काठावर डबाही खाल्ला असेल. पण हे नल आणि दमयंती कोण, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

दमयंती ही विदर्भाच्या राजाची मुलगी. याच वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर म्हणजे विदर्भाची जुनी राजधानी, असे लोक मानतात. नल हा निषध देशाचा राजा. या दोघांची गोष्ट महाभारतात आली आहे. या गोष्टीत हंस माणसासारखा बोलतो आणि एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवतो. नल जुगारात राज्य हरतो आणि रानोमाळ भटकतो. पुढे एक नाग त्याला दंश करतो. त्या दंशाने तो मरत नाही, पण त्याचे रूप पार बदलून जाते. देखणा राजा कुरूप होतो. कोणीही त्याला ओळखत नाही. तरी घोडे हाकण्याची त्याची विद्या त्याच्याजवळच राहते. त्या विद्येच्या बळावर तो पुन्हा आपल्या माणसांत येतो.

ही गोष्ट विदर्भातून फार दूरवर गेली. बादशहा अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने तिच्यावर फारसी भाषेत ‘नल-दमन’ नावाची मसनवी लिहिली. अशा गोष्टींना भाषेची आणि धर्माची सीमा नसते. त्यांत जे घडते ते रोजच्या जीवनात घडत नाही. तरीही ऐकताना मन गुंगून जाते. अशा गोष्टींना मराठीत अद्भुतरम्य कथा म्हणतात. उर्दूत त्यांना दास्तान म्हणतात. अमीर हम्झाची दास्तान तुम्ही घरी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. तिचाच एक भाग असलेले ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून छापून निघू लागले. हिंदीत देवकीनंदन खत्री यांनी ‘चंद्रकांता’ लिहिली. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगतात. तिकडे दूर अमेरिकेत एल. फ्रँक बॉम नावाचे लेखक होते. त्यांचे दुकान बुडाले. त्यांचे वर्तमानपत्रही बंद पडले. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १९०० साली त्यांनी ओझ नावाच्या जादूच्या देशाची गोष्ट लिहिली आणि अमेरिकेतील घराघरांत त्यांचे नाव पोहोचले.

मराठीत अशीच अद्भुतरम्य कादंबरी लिहून वाचकांना वेड लावणारे लेखक म्हणजे नाथमाधव.

नाथमाधव हे त्यांचे टोपणनाव होय. त्यांचे पूर्ण नाव द्वारकानाथ माधव पितळे. स्वतःच्या नावातील ‘नाथ’ आणि वडिलांचे नाव ‘माधव’ ही दोन नावे जोडून त्यांनी हे टोपणनाव घेतले. त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला.

त्या काळची मुंबई आजच्याएवढी मोठी नव्हती. तरी ती देशातील एक मोठे शहर होतीच. कापडाच्या गिरण्या, बंदर, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांत हजारो लोक काम करत. द्वारकानाथांनाही कुलाब्याच्या सरकारी कारखान्यात नोकरी मिळाली. हा कारखाना तोफांचा होता. आजूबाजूला लोखंड, यंत्रे आणि कामगार. पुस्तकांशी आणि लेखनाशी या जागेचा काही संबंध नव्हता. पुढे हा तरुण मराठीतील नामवंत लेखक होईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते.

द्वारकानाथांना शिकारीचा छंद होता. त्या काळी शिकार करणे मर्दुमकीचे काम समजले जाई. आता वन्य प्राण्यांची शिकार करणे कायद्याने गुन्हा आहे. पण तेव्हा तसा कायदा नव्हता. सुट्टी मिळाली की बंदूक घेऊन डोंगरात जावे, दिवसभर रान तुडवावे, असा छंद पुष्कळांना असे. द्वारकानाथही असेच डोंगरदऱ्यांत रमणारे होते.

१९०५ साल उजाडले. द्वारकानाथ तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे होते. शिकारीसाठी ते सिंहगडाच्या डोंगरात गेले. सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे तीस किलोमीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची तेराशे मीटरांहून अधिक आहे. या गडाचे पूर्वीचे नाव कोंढाणा. १६७० साली तानाजी मालुसरे यांनी कडा चढून तो जिंकला आणि लढता लढता तेथेच प्राण दिले. गडाचे कडे फार उंच आणि सरळ तुटलेले आहेत. तेथे पाय घसरला तर माणूस वाचणे कठीण.

आणि नेमके तेच घडले. द्वारकानाथ कड्यावरून खाली कोसळले.

ते वाचले, पण त्यांच्या कमरेखालचा भाग लुळा पडला. पाय होते, पण पायांत शक्ती नव्हती. उभे राहणे, चालणे, डोंगर चढणे हे सारे एका क्षणात संपले. नोकरीही संपली. कालपर्यंत रानावनांत हिंडणारा तरुण आज अंथरुणाला खिळला.

आज अशा रुग्णांसाठी पुष्कळ सोयी आहेत. चाकांची खुर्ची आहे, व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ आहेत, चांगली औषधे आहेत. १९०५ साली यांतले फारसे काही नव्हते. सतत पडून राहिल्याने अंगाला जखमा होत. जखमा चिघळत. त्यांवर पेनिसिलिनसारखे औषधही नव्हते. त्याचा शोध १९२८ साली लागला. पाठीच्या कण्याला मार लागलेली माणसे त्या काळी फार दिवस जगत नसत. म्हणजे द्वारकानाथांपुढे दोन प्रश्न होते. पहिला प्रश्न, आपण किती दिवस जगणार? आणि दुसरा त्याहून कठीण प्रश्न, जगलो तर कशासाठी जगणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हाती नव्हते. दुसऱ्याचे उत्तर त्यांनी पुस्तकांत शोधले.

रुग्णालयात दिवस फार मोठे वाटतात. द्वारकानाथ तेथे वाचू लागले. एक पुस्तक संपले की दुसरे. पूर्वी जो वेळ रान तुडवण्यात जाई, तो आता वाचण्यात जाऊ लागला. पायांनी जाता येत नव्हते तेथे मन जाऊ लागले. वाचता वाचता त्यांना वाटू लागले, की आपणही लिहावे.

असे वाटणे सोपे आहे, करणे सोपे नाही. कादंबरी म्हणजे काही शेकडो पानांचे काम. तेव्हा टंकयंत्रावर मराठी लिहिण्याची सोय सामान्य लेखकाला नव्हती. सारे हाताने लिहायचे, खोडायचे आणि पुन्हा लिहायचे. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. लेखक म्हणून नाव नव्हते. शरीर साथ देत नव्हते. तरी त्यांनी लेखणी उचलली.

अपघातानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९०८ साली, त्यांची ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी ‘सावळ्या तांडेल’ ही कादंबरी आली. तांडेल म्हणजे गलबतावरचा प्रमुख खलाशी. मराठी वाचकांना एक नवा लेखक मिळाला. त्याचे नाव होते नाथमाधव. कारखान्यातले द्वारकानाथ पितळे मागे राहिले.

नाथमाधवांच्या आधी मराठी कादंबरी कशी होती, हे आपण थोडक्यात पाहू. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ‘यमुनापर्यटन’ या पुस्तकाचे नाव घेतले जाते. बाबा पदमनजी यांनी ती १८५७ साली लिहिली. तिच्यात विधवा स्त्रियांचे दुःख सांगितले आहे. पण त्यानंतर काही वर्षे मराठीत वेगळ्याच कादंबऱ्यांची चलती झाली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ त्यानंतर काही वर्षांनी आली. राजे, राजकन्या, दुष्ट प्रधान, घोर अरण्ये आणि योगायोग यांनी या कादंबऱ्या भरलेल्या असत. याच काळात अरबी भाषेतील सुरस कथा आणि हातिमताईची गोष्ट यांची मराठीत भाषांतरे झाली. म्हणजे मराठीतील अद्भुत कथेला एकीकडून संस्कृतचे आणि दुसरीकडून अरबी-फारसीचे पाणी मिळाले.

पुढे हरि नारायण आपटे यांनी कादंबरीला नवे वळण दिले. त्यांनी मध्यमवर्गीय घरांतील खरीखुरी सुखदुःखे लिहिली. मग पुष्कळ विद्वानांना जुन्या अद्भुत कथा पोरकट वाटू लागल्या. ज्या गोष्टीत रोजचे जीवन नाही, तिचा उपयोग काय, असे ते विचारू लागले.

नाथमाधवांनी या प्रश्नावर भांडण केले नाही. त्यांनी दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या लिहिल्या. १९१३ साली त्यांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी आली आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. याच वर्षी तिकडे काशीत ‘चंद्रकांता’चे लेखक देवकीनंदन खत्री यांचे निधन झाले. एका भाषेतला मोठा कथाकार गेला, त्याच वर्षी दुसऱ्या भाषेत तशीच एक गोष्ट जन्माला आली.

‘वीरधवल’मधील जग कल्पनेतले आहे. शौर्य, प्रेम, कपट, कारस्थाने आणि रहस्ये यांचे धागे तिच्यात गुंफले आहेत. एक प्रकरण संपताना पुढे काय होणार, याची हुरहुर लागते. म्हणून वाचक पुस्तक खाली ठेवू शकत नाही. ही हुरहुर निर्माण करणे हीच दास्तान सांगणाऱ्याची कला. रात्री गोष्ट ऐन रंगात आली की दास्तानगो थांबे आणि उरलेली उद्यावर टाके. ऐकणारे दुसऱ्या दिवशी लवकरच येऊन बसत. नाथमाधवांनी हीच कला छापील पानावर आणली.

त्या काळी वाचता येणारी माणसे किती होती? १९११ च्या जनगणनेत देशातील शंभर माणसांपैकी सुमारे सहाच साक्षर होती. त्यांत स्त्रिया तर फारच थोड्या. पुस्तके विकत घेणे सर्वांना परवडत नसे. मग अशी कादंबरी इतक्या लोकांपर्यंत कशी पोहोचली? याचे उत्तर वाचनालयात आहे. महाराष्ट्रातील आणि वऱ्हाडातील लहानमोठ्या गावांत सार्वजनिक वाचनालये निघाली होती. एक प्रत अनेक घरांत फिरे. घरात एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. दिवसभराची कामे उरकून बायका दाराआड बसून ऐकत. लहान मुले झोप आवरून ऐकत. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनाही गोष्ट कळे. आणि कित्येकांना ही गोष्ट आपली आपण वाचता यावी असे वाटू लागे. वाचनाची गोडी लावण्याचे मोठे काम अशा कादंबऱ्यांनी केले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवले होते. १९१० साली छापखान्यांवर आणि वर्तमानपत्रांवर कडक कायदा लादला गेला. उघडपणे बोलणे धोक्याचे झाले होते. अशा दिवसांत शूर माणसांच्या गोष्टी वाचून लोकांच्या मनाला उभारी येई. कल्पनेतल्या राज्यात तरी अन्यायाचा पराभव होताना दिसे.

नाथमाधवांनी केवळ कल्पनेतल्याच गोष्टी लिहिल्या नाहीत. ‘डॉक्टर’ ही त्यांची सामाजिक कादंबरी तीन भागांत आहे. ती १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यात त्यांनी आपल्या काळच्या समाजाकडे पाहिले. ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ ही रहस्य आणि साहस यांनी भरलेली कादंबरी त्यांनी लिहिली. तिचे नुसते नाव वाचूनच पुस्तक उघडावेसे वाटते.

आयुष्याच्या शेवटच्या सात-आठ वर्षांत त्यांनी फार मोठे काम हाती घेतले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वराज्यावर त्यांनी कादंबऱ्यांची मालाच लिहिली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’, ‘स्वराज्याचे परिवर्तन’, ‘स्वराज्यातील दुफळी’ ही तिच्यातील काही पुस्तकांची नावे. नावे क्रमाने वाचली तरी स्वराज्य कसे सुरू झाले, कसे वाढले आणि पुढे त्यावर कोणती संकटे आली, हे कळते.

येथे क्षणभर थांबून विचार करा. सह्याद्रीच्या ज्या डोंगरांत नाथमाधव कोसळले, त्याच डोंगरांत स्वराज्य उभे राहिले होते. त्याच कड्यांवरून मावळे चढले होते. त्या कड्यांनी नाथमाधवांचे पाय नेले. माणसाला अशा जागेचे नावही नकोसे झाले असते. पण नाथमाधव लेखणी घेऊन त्याच डोंगरांकडे परत गेले. पायांनी चढता येत नव्हते, तर शब्दांनी चढले. गड, खिंडी, घाट आणि घोडदौड यांची वर्णने त्यांनी लिहिली. तरुणपणी डोंगरांत हिंडताना जे डोळ्यांनी पाहिले होते, ते आता त्यांच्या उपयोगी पडले असेल.

अपघातानंतर नाथमाधव तेवीस वर्षे जगले. म्हणजे जितकी वर्षे ते आपल्या पायांवर चालले, तितकीच वर्षे पायांवाचून जगले. त्यांच्या जीवनाचे असे दोन सारखे भाग पडतात. पहिल्या भागातील द्वारकानाथ आपल्या घरच्या आणि ओळखीच्या माणसांनाच ठाऊक होते. दुसऱ्या भागातील नाथमाधव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. याचा अर्थ अपघात झाला हे चांगले झाले, असा मुळीच नाही. ते दुःख खरे होते आणि ते शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिले. पण दुःखाच्या पलीकडेही काही करता येते, हे त्यांनी रोज थोडेथोडे लिहून दाखवले.

२१ जून १९२८ रोजी नाथमाधव यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे शेहेचाळीस वर्षांचे होते. ‘स्वराज्यातील दुफळी’ ही कादंबरी याच वर्षी प्रसिद्ध झाली. म्हणजे अखेरपर्यंत त्यांचे काम चालूच होते. योगायोग असा, की याच १९२८ साली दिल्लीत मीर बाकर अली यांचेही निधन झाले. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. एकाने उर्दूत तोंडाने गोष्टी सांगितल्या, दुसऱ्याने मराठीत लेखणीने लिहिल्या. दोघांची भेट कधी झाली नसेल. पण दोघांचे काम एकच होते. दमल्याभागल्या माणसांना घटकाभर दुसऱ्या जगात नेणे आणि ताजेतवाने करून परत आणणे, हे ते काम.

नाथमाधवांच्या मागे त्यांची पुस्तके राहिली. त्यांच्यानंतर मराठी कादंबरी पुष्कळ बदलली. भाषा बदलली, विषय बदलले. ‘वीरधवल’मधील लांबलचक वर्णने आजच्या वाचकाला काहीशी जुनी वाटतील. तरी या कादंबरीच्या नव्या आवृत्त्या त्यांच्या मृत्यूनंतरही कितीतरी वर्षे निघत राहिल्या. वाचनालयांतील तिच्या प्रती हाताळून हाताळून जीर्ण झाल्या. पाने सुटली, कोपरे दुमडले, पुठ्ठे पुन्हा बांधावे लागले. कोणत्याही लेखकाला याहून मोठे बक्षीस कोणते?

अद्भुत कथेचा उपयोग काय, हा जुना प्रश्न आजही विचारला जातो. नाथमाधवांचे जीवन हेच त्याचे एक उत्तर आहे. अद्भुत कथा पोट भरत नाही. ती आजार बरा करत नाही. पण जे नाही ते असू शकेल, असे ती माणसाला वाटायला लावते. चार भिंतींच्या आत पडलेल्या माणसाला ती राजवाडे, अरण्ये आणि समुद्र दाखवते. नाथमाधवांना प्रथम पुस्तकांनी असा आधार दिला. मग तोच आधार त्यांनी स्वतःच्या पुस्तकांतून हजारो वाचकांना दिला. जे घेतले ते त्यांनी अनेक पटींनी परत केले.

पुन्हा एकदा नल राजाची आठवण करा. नागाच्या दंशाने त्याचे शरीर बदलले, राज्य गेले, नाव गेले. पण त्याची विद्या गेली नाही. आपल्याजवळ काय उरले आहे, हे त्याने ओळखले आणि त्यावरच तो पुन्हा उभा राहिला. नाथमाधवांचेही तसेच झाले. कड्याने त्यांचे पाय घेतले. हात, डोळे आणि मन मात्र त्यांच्यापाशी उरले. जे गेले त्याचा हिशेब करत ते बसले नाहीत. जे उरले त्याचा त्यांनी उपयोग केला.

पुढच्या वेळी नल-दमयंती सागराच्या काठी जाल, तेव्हा वाऱ्याने हलणारे पाणी पाहून तुम्हांला एखादी गोष्ट सुचेल. ती मनातच ठेवू नका. घरी या आणि लिहून काढा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. भाषा कोणतीही असली तरी चांगल्या गोष्टीला वाचक मिळतोच.

शब्दार्थ

अद्भुतरम्य – आश्चर्य वाटावे असे आणि मन रमवणारे
टोपणनाव – लेखनासाठी घेतलेले दुसरे नाव, तखल्लुस
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
दंश करणे – चावणे
मर्दुमकी – शौर्य, बहादुरी
कडा – डोंगराचा सरळ तुटलेला भाग
लुळा पडणे – शक्ती नाहीशी होणे
अंथरुणाला खिळणे – आजारामुळे उठता न येणे
चलती होणे – लोकांत फार आवडले जाणे
कारस्थान – कपटाने केलेला बेत, साजिश
हुरहुर – मनाला लागलेली ओढ, बेचैनी
डोक्यावर घेणे – फार कौतुक करणे
उभारी येणे – धीर येणे, हिंमत वाढणे
दुफळी – आपापसांतील फूट
जीर्ण – फार जुने, झिजलेले

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नाथमाधव यांचे पूर्ण नाव काय होते?
(आ) अप्पर वर्धा धरणाच्या जलाशयाचे नाव काय आहे?
(इ) नाथमाधव कोणत्या कारखान्यात नोकरी करत होते?
(ई) नाथमाधवांची पहिली कादंबरी कोणती?
(उ) ‘वीरधवल’ ही कादंबरी कोणत्या साली प्रसिद्ध झाली?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) नाथमाधव हे टोपणनाव कसे तयार झाले?
(आ) १९०५ साली कोणती घटना घडली? तिचा त्यांच्या जीवनावर काय परिणाम झाला?
(इ) वाचता न येणाऱ्या लोकांपर्यंत कादंबरी कशी पोहोचत असे?
(ई) नल राजा आणि नाथमाधव यांच्यात कोणते साम्य आहे?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) वाचकाला ‘वीरधवल’ खाली ठेवता येत नसे, कारण ...
(आ) १९१० नंतर उघडपणे बोलणे धोक्याचे झाले होते, कारण ...

प्र. ४. जोड्या लावा.
‘अ’ गट : (१) चंद्रकांता (२) नल-दमन (३) मुक्तामाला (४) यमुनापर्यटन
‘ब’ गट : (क) बाबा पदमनजी (ख) देवकीनंदन खत्री (ग) फैजी (घ) लक्ष्मणशास्त्री हळबे

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
अंथरुणाला खिळणे, डोक्यावर घेणे, उभारी येणे.

प्र. ६. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
शूर, देखणा, साक्षर, पराभव.

उपक्रम : तुमच्या आजी-आजोबांकडून किंवा नाना-नानींकडून एखादी दास्तान ऐका. ती सोप्या मराठीत दहा-बारा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.